शेवटच्या रांगेतून पाहिलेल्या कड्या: १० इंची लिंकिंग रिंग्जच्या संचाचे परीक्षण

साधारण चाळीस ते दीडशे माणसांपुढे उभे राहून जादूचे प्रयोग करणाऱ्याची अडचण अशी असते, की बाजारात मिळणारे बहुतेक साहित्य त्याच्यासाठी बनवलेलेच नसते. टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांसाठी असलेली नाणी आणि पत्ते तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत, तर मोठ्या नाट्यगृहासाठी बनवलेल्या पेट्यांना विंग, पडदे, प्रकाशयोजना आणि दोन-तीन मदतनीस लागतात. या दोहोंच्या मधल्या जागेत जी मोजकी साधने टिकून राहिली आहेत, त्यांत एकमेकांत अडकणाऱ्या आणि सुटणाऱ्या कड्यांना, म्हणजे लिंकिंग रिंग्जना, मी वरचे स्थान देतो. गेली दोन वर्षे मी ८ कड्यांचा १० इंची पोलादी संच वापरत आहे आणि त्याच संचाविषयी येथे लिहीत आहे. कड्यांचे रहस्य मी उलगडणार नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना नुसता उल्लेख पुरेल, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या आनंदावर मी का विरजण घालावे?

संच घेताना पहिला प्रश्न आकाराचा येतो. ४ इंच, १० इंच आणि १२ इंच व्यासाचे संच सहज मिळतात आणि लहान संच खिशात मावतो म्हणून अनेकांना त्याचा मोह पडतो. शंभर खुर्च्या दहा-दहाच्या रांगांत मांडल्या, तर शेवटचा प्रेक्षक आपल्यापासून सुमारे १२ मीटर अंतरावर बसतो. तेवढ्या अंतरावरून ४ इंची कडी जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढी, म्हणजे साधारण अर्धा अंश दिसते. चंद्र सर्वांना दिसतो हे खरे, पण चंद्राच्या कडेवर कोठे काय घडले हे कोणी सांगू शकत नाही. १० इंची कडी त्याच अंतरावरून चंद्राच्या जवळजवळ अडीचपट दिसते, आणि एक कडी दुसरीत लोंबकळते आहे की नुसती मागे धरली आहे, हा फरक तेथे पहिल्यांदा स्पष्ट होतो. १२ इंची संच आणखी चांगला दिसेल असे वाटते, परंतु माझ्या मनगटांना तो जड गेला आणि हातांच्या हालचाली मंदावल्या; त्यामुळे मी १० इंचांवरच थांबलो.

हाच हिशोब पत्त्यांना लावून पाहावा. नेहमीचा पत्ता अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असतो, तर जंबो पत्ता ५ इंच रुंद आणि ७ इंच उंच, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. तरीही निरोगी डोळ्याला १० मीटरवरून अक्षर वाचायचे असेल, तर ते सुमारे दीड सेंटिमीटर उंचीचे असावे लागते, आणि तेही पुरेशा उजेडात. म्हणून पत्त्यांच्या प्रयोगात मागच्या रांगेतील माणूस शेवटी आपल्या शब्दावर विसंबतो. कड्यांच्या बाबतीत त्याला विसंबण्याची गरज पडत नाही. त्यांवर वाचण्यासारखे काहीच नसते. जे काही घडते ते आकारातच घडते.

संचाच्या बांधणीविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. कड्या भरीव असून सळईची जाडी ८ मिलिमीटर आहे. एकेका कडीचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि आठही कड्या मिळून जवळजवळ अडीच किलो होतात. पोकळ नळीचे संच याहून बरेच हलके असतात, परंतु त्यांचा आवाज बसका येतो, आणि या प्रयोगात आवाजाचे महत्त्व दिसण्याहून फारसे कमी नाही. भरीव पोलादाची कडी दुसरीवर आपटते तेव्हा जो खणखणीत, लांबणारा नाद येतो, तो खाली मान घालून बसलेल्या माणसालाही वर पाहायला लावतो. दोन वस्तू घन आहेत याचा तो पुरावा असतो आणि तो पुरावा कानाने मिळत असल्यामुळे डोळ्यांइतका कोणी त्यावर संशय घेत नाही.

मात्र हाच नाद ध्वनिवर्धकाशी भांडतो. शर्टाला लावायचा छोटा माईक छातीशी असतो आणि कड्याही छातीशीच वाजतात. परिणामी सभागृहात कर्कश खडखडाट ऐकू येतो आणि आपले वाक्य त्यात बुडते. हातातला माईक तर अशक्यच, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. तोंडाजवळ राहणारा हेडसेट माईक हा मला सापडलेला त्यातल्या त्यात बरा उपाय आहे, आणि तोही कड्या वाजण्याच्या क्षणी स्वतः गप्प राहण्याची सवय लावून घेतली तरच. ही सवय मला चार प्रयोग बिघडल्यावर लागली.

आता संचाच्या संख्येविषयी, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. ८ कड्या हा जुना, रूढ आकडा आहे. त्या एकेक करून मोजून दाखवायच्या, मग जोडायच्या, साखळ्या करायच्या, आकृत्या बनवायच्या आणि शेवटी सुट्या करायच्या, या क्रमाला सहज आठ-दहा मिनिटे लागतात. मोठ्या रंगमंचावर संगीताच्या साथीने ते शोभते. मध्यम सभागृहात प्रेक्षक आपला चेहरा पाहू शकतात, आपल्याशी बोलू शकतात आणि म्हणूनच मुकाट्याने चाललेली लांबण त्यांना लवकर जाणवते. पाचव्या आकृतीपर्यंत लोक कड्यांऐवजी घड्याळाकडे पाहू लागतात. विख्यात जादूगार डाय व्हर्नन यांचा कड्यांचा प्रसिद्ध प्रयोग ५ कड्यांचा होता. मीही सहा महिन्यांनंतर पाचावर आलो आणि उरलेल्या तीन आता घरी पडून आहेत. कड्यांचा प्रयोग मोठ्या उंचीवर नेणारे डच जादूगार रिचर्ड रॉस, ज्यांनी १९७० आणि १९७३ अशी दोनदा फिझमची (जादूगारांच्या जागतिक स्पर्धेची) ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, पटकावली, ते आठवले की आकृत्यांची संख्या वाढवून काही साधत नाही हे पटते. लोकांच्या लक्षात राहतो तो एका कडीचा दुसरीत हळूच विरघळून जाण्याचा क्षण. विक्रेत्यांनी ५ कड्यांचा संचही त्याच दर्जाच्या पोलादात ठेवावा, असे माझे मत आहे.

मध्यम सभागृह म्हणजे दुय्यम सभागृह, असा समज आपल्याकडील काही नवोदितांमध्ये आढळतो, म्हणून जाता जाता एक सांगतो. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे रोबेर-उदँ यांनी १८४५ मध्ये पॅरिसच्या पॅले-रॉयालमध्ये जे नाट्यगृह उघडले, ते जेमतेम २०० आसनांचे होते.

सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या असतील आणि व्यासपीठ नसेल, तर कड्यांचा आणखी एक गुण कामी येतो. त्या उभ्या धरायच्या असतात. कमरेच्या खाली किंवा टेबलावर घडणारी कोणतीही गोष्ट चौथ्या रांगेपासून पुढच्या डोक्यांआड जाते. उलट कड्या छातीच्या वर, चेहऱ्याजवळ धरल्या की त्यांच्या पोकळीतून आपला चेहराही दिसतो आणि बघणाऱ्याची नजर दोन ठिकाणी विभागली जात नाही. गडद, बिनचमकीचा सदरा घातला तर पोलाद उठून दिसते. बाजूच्या खुर्च्यांचा मात्र विचार करावा लागतो. अगदी टोकाला बसलेल्यांना कड्या नको त्या कोनातून दिसू शकतात, म्हणून मी प्रयोगापूर्वी दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर स्वतः बसून पाहतो आणि शक्य असल्यास त्या आत सरकवून घेतो. प्रेक्षकांतून कोणाला वर बोलावले, तर त्याला माझ्या शेजारी न ठेवता अर्धे पाऊल पुढे आणि किंचित तिरके उभे करतो; त्याचे आश्चर्य सर्वांना दिसते आणि त्याची नजरही सोयीच्या बाजूला राहते.

दोष दोन-तीन आहेत. सांध्यांवरचे पाणी, म्हणजे क्रोमचा मुलामा, दुसऱ्या वर्षी दोन कड्यांवर सुटू लागला. त्यांपैकी एक प्रेक्षकांच्या हाती तपासायला द्यायची कडी असल्यामुळे ते अधिक खटकले, कारण तपासणारा माणूस बोट नेमके त्या खरबरीत जागेवर थांबवतो आणि काही नसताना संशय घेतो. विक्रेत्याने ती कडी बदलून देण्यास नकार दिला. संपूर्ण स्टेनलेस पोलादाचा संच मिळत असेल, तर थोडे अधिक मोजून तोच घ्यावा. सोबतची माहितीपुस्तिका निरुपयोगी आहे. तिच्यात आकृत्या आहेत, पण लोकांशी काय बोलावे याविषयी अवाक्षर नाही. आरशासारखी चकाकी छायाचित्रात छान दिसते, मात्र समोरून तीव्र दिवा असेल तर पहिल्या दोन रांगांचे डोळे दिपतात. हा त्रास दिवा थोडा बाजूला वळवला की संपतो.

सोबत मिळणारी कापडी पिशवी एकाच कप्प्याची असल्यामुळे आपण मंचाकडे चालत जात असतानाच कड्या वाजतात आणि प्रयोग सुरू होण्याआधीच त्याची वर्दी जाते. मी तिच्या आत जाड फ्लॅनेलचे पाच कप्पे शिवून घेतले आहेत आणि प्रत्येक कडी घाम पुसून, ज्या क्रमाने हातात हवी त्याच क्रमाने ठेवतो.