असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने: आठ महिने, एक गाडी आणि सेटअपची वही

गेल्या जूनमध्ये हा गेम घेतला. तोवर रेसिंग गेम म्हणजे जेवणानंतर अर्धा तास गाडी पळवायची, एवढंच मला ठाऊक होतं. आज स्टिअरिंगशेजारी दोनशे पानी वही पडलेली असते आणि तिची १४० पानं भरली आहेत. ग्राफिक्स आणि आवाज यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते सेटअप (टायरची हवा, उंची, पंख अशी गाडीची जुळवणी) आणि शर्यतीच्या नियोजनाबद्दल, कारण माझे आठ महिने त्यातच गेले आणि ते सत्कारणी लागले असं मनापासून वाटतं.

नवख्यांसाठी थोडक्यात: गेम कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा, जिचं ऑफिस रोमजवळच्या व्हॅलेलुंगा ट्रॅकवरच आहे. पूर्ण आवृत्ती मे २०१९ मध्ये आली. फॉर्म्युला वन नाही, रॅली नाही. भर सगळा जीटी३ गाड्यांवर, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतीसाठी बनवलेल्या आवृत्त्यांवर. काही जणांना हे कमी वाटेल. मला उलट बरं वाटलं, कारण एकच गाडी धरून तिच्या पोटात शिरता येतं. मी मर्सिडीज-एएमजी जीटी३ इव्हो धरली. पुढे ६.२ लिटरचं व्ही८ इंजिन, टर्बो नाही, ब्रेकिंगला शांत. आठ महिन्यांत गाडी बदलली नाही आणि नव्याने येणाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

पहिला महिना मात्र वाया गेला. मी सेटअपचा एक पॅक विकत घेतला होता. कुणाचा ते सांगत नाही, मुद्दा तो नाहीच. इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर क्वालिफाइंगमध्ये (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या वेगवान लॅपमध्ये) त्या सेटअपने मला खरोखर वेगवान केलं आणि शर्यतीत तीनदा फिरवलं. कारण नंतर कळलं. तो सेटअप थोड्या पेट्रोलवर, एका लॅपसाठी, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार हातांनी बसवलेला होता. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७५ किलो, म्हणजे एक धडधाकट माणूस गाडीत जास्तीचा. गाडी तेवढी दबते, ब्रेक लागायला वेळ घेते, वळणात मागची बाजू उशिरा सावरते. तेव्हापासून मी कुठलाही बदल टाकी भरून तपासतो, मगच वहीत लिहितो.

गेममध्ये प्रत्येक गाडीला ‘सेफ’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ असे तयार सेटअप मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिले तीन महिने अ‍ॅग्रेसिव्ह घ्या, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच गरगरू न देणारी यंत्रणा) एखाद्या पायरीने वाढवा आणि फक्त टायरची हवा बघा.

हवा हा या गेमचा गाभा आहे. कोरड्या ट्रॅकवर टायर गरम झाल्यावर हवा २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान हवी. आपण भरतो ती थंड टायरची हवा, आणि ती तीन-चार लॅपमध्ये चढत जाते. सेटअपमधली एक पायरी, म्हणजे एक क्लिक, ०.१ पीएसआयची. बाहेरचं तापमान एका अंशाने उतरलं तर गरम टायरमधली हवा साधारण एका क्लिकने उतरते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. मी बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर दुपारी २७ अंशांत सराव केला, चारही टायर २६.६ वर छान बसले होते. रात्रीची शर्यत निघाली २१ अंशांत. मी सेटअप तसाच ठेवला. टायर २६ च्या कडेला येऊन थांबले आणि गाडी प्रत्येक वळणात अर्धा सेकंद विचार करून मग वळायची. दुसऱ्या दिवशी सहा क्लिक वाढवले आणि तीच गाडी हाताला लागली. शिवाय स्पाचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून डाव्या बाजूचे टायर जास्त राबतात आणि जास्त तापतात. त्यामुळे डावीकडे थंड हवा थोडी कमीच भरायची. चारही टायरना सारखी हवा भरणं ही माझी सुरुवातीची मोठी चूक होती.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती बहुतेक सगळे करतात. सेटअपमधली टायरची हवा आणि पिटमध्ये (शर्यतीत टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागी) मिळणाऱ्या नव्या टायरची हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ‘स्ट्रॅटेजी’च्या पानावर भरावी लागते. मी पहिल्या पानावर जीव ओतला आणि स्ट्रॅटेजीचं पान उघडलंच नाही. पाचव्या क्रमांकावरून पिटमध्ये गेलो, नवे टायर घातले आणि बाहेर आल्यावर गाडी साबणावर चालल्यासारखी. उरलेली पस्तीस मिनिटं मी फक्त गाडी रस्त्यावर ठेवली. आता शर्यतीआधी ते पान दोनदा बघतो.

पेट्रोलचा हिशोब मला सगळ्यात जास्त आवडतो. तो मी मोंझाला शिकलो. तासाभराची शर्यत, पिटची सक्ती नाही. माझा लॅप १ मिनिट ५० सेकंदांचा, लॅपला ३.३ लिटर पेट्रोल. ३६०० भागिले ११० म्हणजे ३२.७, म्हणजे ३३ लॅप. ३३ गुणिले ३.३ म्हणजे १०९ लिटर. फॉर्मेशनसाठी (सुरुवातीआधी रांगेत हळू फिरण्यासाठी) थोडं धरून मी १११ भरलं. गणित चोख होतं, पण ते माझ्या घड्याळाचं होतं. शर्यत संपते ती पहिल्या नंबरच्या गाडीच्या घड्याळाने. तो पहिला १ मिनिट ४८ सेकंदांनी फिरत होता. तास संपला तेव्हा तो ३४ व्या लॅपमध्ये होता. तो रेषेवर येण्याआधीच माझा ३३ वा लॅप पुरा झाला, म्हणजे मलाही आणखी एक लॅप मारणं भाग होतं. कुर्वा ग्रांदे या लांब वळणातून बाहेर पडून दुसऱ्या शिकेनकडे (डावी-उजवी अशा जोडवळणाकडे) जाताना इंजिन गप्प झालं. सहावा होतो. मी तसाच गवताच्या कडेला थांबून मागून येणाऱ्या गाड्या जाताना बघत बसलो. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: आधी पहिल्याचा लॅप, मग आपला. आता हिशोबाच्या वर एक लॅप जास्तीचं भरतो. दोन-तीन किलोंचं ओझं परवडतं.

पिटची सक्ती असेल तर कधी जायचं, यावर भरपूर वाद ऐकले. तासाभराच्या शर्यतीत टायर इतके झिजत नाहीत की लवकर पिट करून नव्या टायरच्या जोरावर कुणाला मागे टाकावं. फायदा मिळतो तो मोकळ्या रस्त्याचा. चार गाड्यांच्या घोळक्यात अडकला असाल तर पिटची खिडकी (पिट करायची ठरलेली वेळ) उघडताच आत जा. समोर रस्ता मोकळा असेल तर फिरत राहा. एवढं एक सूत्र धरूनही मी बऱ्याच जागा कमावल्या.

आता सेटअपच्या आतल्या भागाकडे. स्पाला रिव्हाज नावाचं उताराचं उजवं वळण आहे. तिथे माझी गाडी नांगरासारखी सरळ जायची. दोन आठवडे झगडलो. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) मऊ केला, मागची उंची वाढवली. रिव्हाजला नाक वळायला लागलं, पण ब्लांशिमाँसारख्या वेगवान वळणात मागची बाजू सुटायला लागली. मागची उंची वाढली की गाडीला खाली दाबणारा वाऱ्याचा जोर पुढच्या चाकांकडे सरकतो, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. मागचा पंख (वाऱ्याच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबणारी फळी) वाढवून मागची बाजू बसवली, तर केमेलच्या सरळ रस्त्यावर सगळे मला गाठायला लागले. म्हणजे एक ठिगळ लावायला तीन ठिकाणी फाडलं.

माझा मावसभाऊ श्टुटगार्टला असतो, तो हा गेम माझ्याआधीपासून खेळतोय. तो म्हणाला, “अरे, पंखाला हात लावायच्या आधी तू ब्रेक कसा सोडतोस ते बघ की.” गेम मोटेक या सॉफ्टवेअरसाठी टेलिमेट्री, म्हणजे वेग, ब्रेक, स्टिअरिंग यांची क्षणाक्षणाची नोंद, साठवतो. सेटअपमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर किती लॅप साठवायचे तो आकडा भरावा लागतो, नाहीतर काहीच साठत नाही. त्याचा आणि माझा लॅप एकावर एक ठेवला. ब्रेक दोघांनी जवळपास एकाच जागी दाबला होता. पण त्याची ब्रेकची रेघ टेकडीच्या उतारासारखी हळूहळू खाली येत होती, आणि माझी कड्यावरून दगड पडावा तशी. मी ब्रेक एकदम सोडत होतो, त्याच क्षणी पुढच्या चाकांवरचं वजन उठत होतं, आणि मग मी स्टिअरिंग आणखी आणखी पिळत होतो. दोष गाडीत नव्हताच. सगळे बदल पुसले, जुना सेटअप चढवला आणि आठवडाभर फक्त ब्रेक सोडायचा सराव केला. रिव्हाजचं कोडं सुटलं आणि ब्लांशिमाँही पक्कं राहिलं.

त्यानंतर मी एक नियम पाळतो. तक्रार आली की आधी टेलिमेट्री, मग एकच बदल, मग दहा लॅप. डिफरन्शियलचा प्रीलोड, ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांसाठी (कर्ब) शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा फास्ट बंप, असे बारीक बदल कामाचे आहेत, पण दहाही लॅप एकसारखे येत नसतील तर कुठल्या बदलाने काय झालं ते कळणारच नाही.

पावसाबद्दल एवढंच: पडद्यावर दहा आणि तीस मिनिटांनंतरचा अंदाज दिसतो, तो दर लॅपला बघायची सवय लावा. मावसभाऊ आणि मी मिळून तीन तासांची शर्यत केली, आलटून पालटून गाडी चालवत. तो फोनवर अंदाज वाचत होता, मी चालवत होतो. ट्रॅक नुसता ओलसर असताना मोह झाला, तरी आम्ही दोन लॅप थांबलो आणि धार लागल्यावरच पावसाळी टायर घातले. आमच्या आधी टायर बदललेल्या तिघांना त्या दोन लॅपमध्ये मागे टाकलं.

अडचणी आहेत, त्याही सांगतो. चांगल्या शर्यती युरोपच्या संध्याकाळी असतात. तिथले आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. कोल्हापुरातून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास राहतो, त्यामुळे दाराला दार लावून वळण घेताना मी थोडी जास्त जागा सोडतो. इन्व्हर्टर नसेल तर आधी तो घ्या, मग चांगले पेडल.

पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर स्टिअरिंगआधी लोड सेलचा ब्रेक घ्या. तो पायाच्या दाबावर चालतो, अंतरावर नाही, आणि वर सांगितलेली ती उताराची रेघ त्याच्याशिवाय मला कधीच जमली नसती. जास्तीच्या ट्रॅकपैकी पहिला इंटरकॉन्टिनेंटल पॅक घ्या, त्यात सुझुका, क्यालामी, लगुना सेका आणि बाथर्स्ट आहेत. बाथर्स्ट मात्र भिंतींमधून जातो. तिथे मी अजून सेफ सेटअपच वापरतो, पहिल्या दिवसापासून.