शेडचा पत्रा: कागदावर ०.५०, काट्यावर ०.४०

गोदाम, शोरूम किंवा गाळ्यांवर रंगीत पत्रा टाकायचा ठरवलात, तर कोटेशनमधला जाडीचा आकडा नीट वाचा. एका नव्या शेडच्या मालकाला त्याच आकड्यात गंडवलं.

कोटेशनमध्ये एवढंच होतं: ‘०.५० एमएम कलर कोटेड पत्रा, नामांकित कंपनीचा’. ही जाडी निव्वळ पोलादाची की लेप-रंगासकट, ते लिहिलेलं नव्हतं. ॲल्युमिनियम-झिंकचा लेप किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम), तेही नाही.

रंगासकट जाडी (टीसीटी) ०.५० असेल, तर आतलं पोलाद (बीएमटी) साधारण ०.४५ असतं. बाजारात असाच माल विकला जातो, त्यात खोट नाही. इथे मात्र आलेला पत्रा रंगासकटच ०.४० भरला. आत पोलाद जेमतेम ०.३५, लेप १५० जीएसएमऐवजी ७०. रंग तोच, नालीचा आकार तोच, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही.

काट्याला कळतो. १ मिमी जाडीच्या पोलादाचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो. १२२० मिमी रुंद कॉइलचा (पत्र्याच्या गुंडाळीचा) ०.५० टीसीटी पत्रा रनिंग मीटरला, म्हणजे लांबीच्या दर मीटरला, साडेचार किलोच्या आसपास भरतो, हा भरला साडेतीन. म्हणजे ६ मीटरचा एक पत्रा २७ ऐवजी २१ किलो. ९० पत्र्यांत ५४० किलो माल आलाच नाही! बिल चौरस फुटावर होतं, म्हणून वजनाचा प्रश्न कुणी काढला नाही.

पर्लिनचं (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर जाड पत्रा धरून ठेवलेलं असतं. पातळ पत्रा पाय पडताच मधे दबतो, खळग्यात पाणी साचतं. वाऱ्याने पत्रा हलत राहतो, स्क्रूचं भोक मोठं होतं, रबरी वॉशर सैल पडतो आणि गळती सुरू. फॅब्रिकेटर वरून सिलिकॉन भरून जातो, ते उन्हात सुटतं. कोकणपट्टीत ७० चा लेप म्हणजे कापलेल्या कडेपासून गंज आत सरकणार, रंगाला फुगे येणार.

ऑर्डरमध्ये बीएमटी, टीसीटी, लेपाचे जीएसएम, पोलादाची ग्रेड आणि आयएस १५९६५ (अशा रंगीत पत्र्याचं भारतीय मानक) हे सगळं लिहून घ्या. रनिंग मीटरचं वजनही टाका. गाडी आली की भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तुम्ही निवडलेल्या काट्यावर न्या. दोन-तीन टक्क्यांचा फरक सोडून द्या, वीस टक्क्यांचा नाही. पत्र्यामागच्या छापावर विसंबू नका, तो कुणीही मारतो. कॉइल नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. शंका आली तर पेंट रिमूव्हरने तुकड्याचा रंग काढून मायक्रोमीटर लावा. हातात येणारा आकडा पोलाद अधिक लेपाचा असेल, १५० जीएसएमचे त्यातून साधारण ०.०४ वजा करा. हे सगळं पत्रे वर चढायच्या आधी करा, कारण भोकं पाडलेला पत्रा कुणी परत घेत नाही.