पायथनमध्ये पत्ता शोधताना: गेटहोस्टबायनेम की गेटॲड्रइन्फो?

माझी मावसबहीण अंधेरीत नुकतीच नोकरीला लागलीय आणि सर्व्हरशी जोडणारी स्क्रिप्ट लिहितेय. होस्टच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या संगणकाच्या, नावावरून त्याचा आयपी पत्ता काढायला सॉकेट मॉड्यूलमधल्या या दोन फंक्शनपैकी कोणतं वापरावं, यावर ती अडलीय.

लिहायला पहिलं सोपं, यात वाद नाही. नाव दिलं की एक पत्ता स्ट्रिंग म्हणून हातात. दुसरं यादी देतं आणि तिची प्रत्येक नोंद पाच घटकांची टपल (न बदलणारा क्रमवार संच) असते. सॉकेटचा, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकाचा, प्रकार सांगितला नाही तर तोच पत्ता पुन्हा पुन्हा दिसू शकतो. नवशिके तिथेच गोंधळतात, म्हणून प्रकार आधीच द्यावा.

टिकाऊपणात मात्र पहिलं फारच तोकडं. त्याला फक्त ३२ बिटांचा आयपीव्ही४ पत्ता कळतो. सर्व्हरला केवळ १२८ बिटांचा आयपीव्ही६ पत्ता असेल तर थेट एरर. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास आहे. ऑफिसचं वायफाय सोडून हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने हे लक्षात घ्यायलाच हवं. शिवाय दुसऱ्याच्या यादीतला एक पत्ता लागला नाही तर पुढचा वापरता येतो. प्रत्येक नोंदीतला शेवटचा घटक म्हणजे पत्त्याची वेगळी टपल: आयपीव्ही४ची दोन घटकांची, आयपीव्ही६ची चार. ती न उलगडता तशीच जोडणी करणाऱ्या कनेक्टला द्यावी.

उत्तर येईपर्यंत दोन्ही प्रोग्राम अडवून ठेवतात.

घरच्या नेटवर्कवरच्या झटपट चाचणीला पहिलं पुरे. ग्राहकांकडे चालणाऱ्या स्क्रिप्टला दुसरंच. नुसतं टीसीपीने (नेटवर्क जोडणीच्या नेहमीच्या प्रोटोकॉलने) जोडायचं असेल तर त्याच मॉड्यूलमधलं क्रिएट कनेक्शन घ्यावं; ते आतून गेटॲड्रइन्फोच बोलावतं आणि एकेक पत्ता करून पाहतं.