दोन खिडक्यांचा कॅमेरा पाठवला, एका खिडकीचा परत आला. ५९,७५० रुपये गेले

पाच महिने हे लिहायचं टाळत होतो, कारण लाज वाटत होती. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात बावीस वर्षं माझा स्टुडिओ आहे. कॅमेरा घ्यायचा म्हटलं की आजूबाजूच्या गावातली पोरं आधी मला विचारायला येतात, आणि मलाच कॅमेऱ्यात फसवलं हे कोणत्या तोंडाने सांगू? पण मागच्या आठवड्यात नांदेडहून एका मुलाचा फोन आला. तो मला फसवणाऱ्या त्याच माणसाकडे कॅमेरा पाठवायला निघाला होता, आगाऊ रक्कमही ठरली होती. त्याला थांबवलं आणि त्याच रात्री लिहायला बसलो.

कॅमेरा माझ्या वडिलांचा, अण्णांचा. पोलरॉइड ११०-ए, जागच्या जागी छापील फोटो देणारा. हैदराबादेत एक जुना स्टुडिओ बंद झाला, त्याचं सामान विकायला निघालं होतं, त्यात अण्णांनी तो १९८४ साली घेतला. त्याला लागणारा रोल अण्णांना कधी मिळाला नाही, आणि १९९२ साली तर कंपनीने तो रोल बनवणंच बंद केलं. त्यामुळे कॅमेरा चामडी पेटीत कपाटात पडून राहिला. अण्णा दर दिवाळीला काढून पुसायचे, लेन्समागचा घड्यांचा भाता उघडून बघायचे, शटरचा आवाज ऐकायचे आणि परत ठेवायचे. त्यांनी त्यावर एकही फोटो काढला नाही. ते गेल्यावर मी ठरवलं की ह्यावर फोटो काढायचाच.

ह्या कॅमेऱ्याला पुढे रोडेनस्टॉकची यसारेक्स लेन्स असते, १२७ मिमी, एफ ४.७, प्रॉन्टर शटरमध्ये बसवलेली. ती लेन्स चार बाय पाच इंचाची फिल्मची शीट जेमतेम झाकते. म्हणून जगभर लोक ह्या कॅमेऱ्याचं मागचं दार काढून, बॉडी कापून तिथे चार बाय पाचचा बॅक, म्हणजे त्या शीटसाठीची मागची चौकट, बसवतात. मग शीट भरलेला होल्डर लावायचा आणि हातात धरून मोठ्या निगेटिव्हवर फोटो काढायचा. ३५ मिमीच्या फ्रेमपेक्षा ती निगेटिव्ह तेरा-चौदा पट मोठी. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, नळदुर्गचा पाणीमहाल अशी यादी मी वहीत लिहून ठेवली होती. काम बारीक असतं. घासलेली काच, जिच्यावर चित्र बघून फोकस करतात ती, आणि होल्डरमधली फिल्म अगदी एका पातळीवर यावी लागते, इन्फिनिटीचे, म्हणजे अगदी लांबच्या फोकसचे, स्टॉप सरकवावे लागतात, रेंजफाइंडर, म्हणजे फोकस जुळवायची खिडकी, नव्या अंतराला जुळवावा लागतो. लातुरात असं काम करणारा कोणी मला मिळाला नाही. इन्स्टाग्रामवर तो सापडला. पुण्याचा म्हणवणारा, कापलेल्या कॅमेऱ्यांचे सुंदर व्हिडिओ, खाली परदेशी लोकांची वाहवा. ते व्हिडिओ कुठून उचलले असतील हे आता कुणाला वेगळं सांगायला नको.

ठरले ४२,००० रुपये. ११ फेब्रुवारी २०२५ ला निम्मे, म्हणजे २१,००० पाठवले. यूपीआयवर नाव आलं एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, "बायकोचं खातं आहे दादा, माझ्या खात्याला लिमिट लागलंय." १४ फेब्रुवारीला कॅमेरा कुरियर केला. त्यानेच सांगितलं होतं, "पावतीवर 'जुना कॅमेरा, किंमत ५००' एवढंच लिहा, जास्त लिहिलं की पार्सल अडकतं." मी तसंच लिहिलं. ही ५०० रुपयांची पावती पुढे किती महागात पडली ते सांगतोच. जुनी वस्तू पाठवताना खरी किंमत लिहा, विमा काढा, जास्तीचे दोन-चारशे जाऊ द्या. समोरचा किंमत कमी लिहायला सांगतोय तिथेच थांबा.

२७ फेब्रुवारीला बॅक अमेरिकेहून आला म्हणून कस्टमचे ९,४०० मागितले. पावतीचा फोटो आला तो इतका धुरकट की आकडासुद्धा वाचता येईना. लग्नसराई होती, मी एका हळदीच्या कार्यक्रमात उभा होतो, तिथूनच पैसे टाकले. १२ मार्चला रेंजफाइंडरला हलवणारा तुकडा, कॅम, नव्याने कापायचे ६,५०० गेले. एकूण ३६,९०० झाले.

आणि मग आली १८ मार्चची रात्र. त्या रात्रीवरून मी आजही झोपेतून उठतो.

साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो आले. पहिल्यात भाता, दुसऱ्यात बॅक बसवलेला. तिसऱ्या फोटोत कॅमेरा मागून दिसत होता, डोळा लावतो ती बाजू. मी बोटांनी फोटो मोठा केला. ११०-एला मागे दोन खिडक्या असतात, एक फोकस जुळवायला आणि दुसरी फ्रेम बघायला. लहानपणी अण्णांच्या मांडीवर बसून मी त्या दोन्ही खिडक्यांना आळीपाळीने डोळा लावलाय. फोटोत खिडकी एकच होती.

मला ते दिसलं होतं. मी विचारलंसुद्धा, "खिडकी एकच कशी?" त्याचा आवाजी मेसेज अजून माझ्याकडे आहे : "दादा, तुमचा रेंजफाइंडर आणि व्ह्यूफाइंडर एकत्र करून दिलाय. अपग्रेड आहे. त्याचे वेगळे पैसे घेत नाही तुमच्याकडून."

मी विश्वास का ठेवला तेही सांगतो. पोलरॉइडने स्वतः पुढच्या ११०-बी मॉडेलला दोन खिडक्यांची एक केली होती, हे मला माहीत होतं. चांगले कारागीर ११०-बीचा किंवा ९०० मॉडेलचा वरचा भाग घेऊन असं खरंच करतात, हेही वाचलेलं होतं. काहीच माहीत नसतं तर मी आरडाओरड केली असती. थोडं माहीत होतं म्हणून त्याचं खोटं माझ्या मनाने स्वतःच पूर्ण केलं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "व्हिडिओ कॉल करून दाखवा म्हणा की." मी म्हणालो, रात्र झालीय, उद्या बघू. तो उद्या आलाच नाही. त्या रात्री कॉल केला असता तर निदान पुढचे २२,८५० वाचले असते, आणि कोण जाणे, अण्णांचा कॅमेरा तेव्हा त्याच्याच टेबलावर धड असेल.

काम चालू असताना नुसते फोटो मागू नका. व्हिडिओ मागा, आणि त्यात तुमच्या हस्ताक्षरातली, कॅमेऱ्यासोबत पाठवलेली चिठ्ठी दिसली पाहिजे. लेन्सच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो दिसला पाहिजे. तो नंबर आधी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा. मी ठेवला नव्हता. घरचीच वस्तू, तिचा नंबर कशाला उतरवायचा, असं वाटलं.

२ एप्रिलला उरलेले २१,००० आणि कुरियर-विम्याचे १,८५० दिले. ९ एप्रिलला खोकं आलं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मी काढला होता, एवढी एकच गोष्ट नीट केली.

आतून निघालेली बॉडी ११०-एची नव्हतीच. एका खिडकीची, कडेला चामडं उचकटलेलं. मागे प्लास्टिकची चौकट सरसने डकवलेली. पुढे यसारेक्स नव्हती. एका मेलेल्या शटरमध्ये एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापायच्या यंत्राची, ७५ मिमीची लेन्स कोंबली होती. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेत बघितलं. समोरच्या लिंबाचा नुसता हिरवा डाग. पुढे-मागे सरकवून बघितलं, काही फरक नाही. मग लेन्ससमोर हात आणला तर वीतभर अंतरावर हाताच्या रेषा लख्ख, उलट्या दिसल्या. ७५ची लेन्स १२७च्या जागेवर बसवली की वीतभरापलीकडचं काहीच शार्प होत नाही. डोक्यावरचं कापड तसंच ठेवून मी बराच वेळ खाली बसलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

फोन केला तर म्हणाला, "दादा, खोकं बदललं असेल, उद्या बघतो." ११ एप्रिलला मला ब्लॉक केलं.

आता पुढचं. चोर तर चोरच, त्याच्याकडून अपेक्षा नव्हती. पण ज्यांच्याकडून होती त्यांनी काय केलं ते ऐका.

११ एप्रिललाच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदवून नंबर मिळाला. शेवटचा व्यवहार नऊ दिवसांपूर्वीचा, पैसे तोवर पुढे निघून गेलेले. म्हणून सांगतो, शंका आली की त्याच तासाला १९३० फिरवा, घरच्यांशी सल्लामसलत नंतर करा. बँकेत गेलो. त्यांनी सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा, मग समोरच्या खात्याचं बघू. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, बँकेकडून व्यवहाराचा कागद आणा, मग पत्र देऊ. ह्या एका पत्रासाठी मी सहा हेलपाटे घातले, दर वेळी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून. तिथले हवालदार पहिल्या दिवशी म्हणाले, "जुन्या डब्याला साठ हजार दिलाव कशाला?" मी काय उत्तर द्यावं? माझ्या बापाची वस्तू आहे हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग सांगितलं, आरोपी पुण्याचा, तुम्ही पुण्याला जा. मी म्हणालो, साहेब, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तुम्हाला माहिती नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर. साहेबांना राग आला. "तुम्ही वकील आहाव का?" अर्ज घेतला, त्यावर आवक शिक्का मारला आणि झालं. एफआयआर नाहीच. अर्जावर कॅमेऱ्याची किंमत लिहिली ५०० रुपये, कारण कुरियरच्या पावतीवर तेवढीच होती. मी वाद घातला तर पावतीच माझ्यापुढे धरली : "सही तुमचीच आहे ना?"

रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो. तिथल्या ठाण्यात दुपारी तीनपर्यंत बाकावर बसवलं. मग एका अधिकाऱ्याने पाच मिनिटं कागद चाळले आणि सांगितलं, काम पसंत पडलं नाही हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. अहो, काम पसंत पडण्याचा प्रश्न कुठे येतो? मी विश्वासाने सोपवलेली वस्तू ठेवून घेऊन दुसरी पाठवली. भारतीय न्याय संहितेत त्याला न्यासभंग म्हणतात, कलम ३१६, आणि फसवणुकीचं कलम ३१८ वेगळंच. हे मी शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, सायबरचं प्रकरण आहे, तुमच्या जिल्ह्यात सायबरकडे जा. म्हणजे मी जिथून निघालो तिथेच परत. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर माझी तक्रार आजही 'प्रक्रियेत' आहे. पाच महिन्यांत तपासासाठी मला कोणीही, एकदाही, फोन केलेला नाही. गरीब माणसाचे दोन-चार हजार जातात तेव्हा त्याला हे लोक कसं उभं करत असतील, ह्याचा विचार आला की अंगाची आग होते.

थोडा आधार मिळाला तो ग्राहक आयोगाच्या वाटेवर. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, समोरच्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार मीच लिहिली. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, आवाजी मेसेज, पाचही व्यवहार जोडले. मेसेज चिडून डिलीट करू नका, तेच उपयोगी पडतात.

काही मित्र म्हणतात, मोठं काम, पैसा जायचाच. नाही. प्रामाणिक कारागीर आहेत आणि ते त्याच कॅमेऱ्यावर काढलेली निगेटिव्ह तुमच्या हातात देतात. लांबच्या झाडाचा, इन्फिनिटीवरचा काचेतला फोटो मागा आणि तुमच्याच कॅमेऱ्यावर काढलेली एक शीट मागा. एका शीटला किती पैसे लागतात? जो द्यायला कचरतो त्याला शेवटचा हप्ता देऊ नका. आणि खात्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर पहिलाही नको.

मे महिन्यात विक्रीच्या एका जाहिरातीत कापलेला ११०-ए दिसला, दोन खिडक्यांचा, यसारेक्ससकट. पेटीच्या पट्ट्यामुळे चामड्याला पडलेला वळ जिथे अण्णांच्या कॅमेऱ्याला होता तिथेच. मी पोलिसांना स्क्रीनशॉट दिला. "हा तुमचाच कशावरून?" विचारलं. दोन दिवसांत जाहिरात गेली.

माझाच कशावरून, ते इथे लिहून ठेवतो. अण्णा घेतलेल्या प्रत्येक सामानावर तारीख कोरायचे. पुढचं दार खाली पाडलं की लेन्स ज्या रुळांवर पुढे सरकते, त्यातल्या डाव्या रुळाशेजारी, आतल्या बाजूला, खिळ्याने कोरलंय : १७-९-८४. मुक्तिसंग्राम दिनाची तारीख, म्हणून विसरलो नाही. मागचा भाग कापला तरी हा भाग कोणी कापत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे, किंवा ओळखीत कुणाकडे, चार बाय पाच केलेला ११०-ए एप्रिल २०२५ नंतर आला असेल तर दार पाडून तेवढं बघा. तुम्ही पैसे देऊन घेतला असेल, मी भांडायला येणार नाही. दिलेत तेवढे पैसे मोजून देऊन घेऊन जाईन.