कॅन्सर टाळायच्या नावाखाली 1,02,600 रुपये घालवले, तुमचे वाचवा

आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात आणि मग चेहऱ्यावर ते "अगं तू तर शिकलेली ना" वालं हसू येतं. मशीन टेस्ट दोघांची मिळून 1,000, इम्युनिटी किट 18,400, डिटॉक्स पॅकेज 11,200, अल्कलाइन (म्हणजे ॲसिडच्या उलट) पाण्याचं मशीन 64,500 आणि वर मेंबरशिप 7,500. झाले 1,02,600. पक्कं बिल एकाचंही नाही. पाण्याच्या मशीनची कच्ची पावती आहे आणि बाकी सगळे यूपीआयचे स्क्रीनशॉट.

हसणाऱ्यांसाठी एवढंच, माझी सख्खी मोठी बहीण ब्रेस्ट कॅन्सरने गेली. शेवटचे महिने मी तिच्या उशाशी होते. त्यानंतर माणूस आरशासमोर उभं राहून रोज गाठ शोधतो, रात्री झोपत नाही, आणि अशा वेळी नात्यातलीच एक बाई म्हणते की आमचे एक सर आहेत, ते कॅन्सर व्हायच्या आधीच पकडतात, तर कोण नाही जाणार? मी तर म्हणते जो जाणार नाही त्याच्या घरात अजून कॅन्सर आलेला नाही. ही लोकं रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत नाहीत, ती शोकसभेतून शोधतात. ताईच्या तेराव्याला आलेल्या बाईनेच मला त्यांचा नंबर दिला.

पुढचं सगळं तुम्हाला माहितीच आहे. हॉलमध्ये कॅम्प, गोड बोलणारा कोच, पांढरा कोट (डॉक्टर नाही, "वेलनेस कोच", पण कोट आहेच), दोनचार "बरे झालेले" लोक माइकवर रडतात. स्लाइडवर ओटो वारबर्गचा फोटो, 1931 चं नोबेल, आणि खाली मोठ्या अक्षरात की त्यांनी सिद्ध केलं अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगूच शकत नाही. घरी येऊन मी गूगल केलं तर वारबर्ग खरे, 1931 चं नोबेल पण खरं! मला वाटलं मग बाकीचंही खरंच असणार. नोबेल मिळालं होतं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामाला, अल्कलाइन पाण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मला कितीतरी नंतर कळलं. ह्यांची पद्धतच ही, एक खरी गोष्ट पुढे ठेवायची आणि तिच्या मागे दहा खोट्या आत घुसवायच्या. रक्ताचा पीएच, म्हणजे ॲसिड की अल्कलाइन ते सांगणारा आकडा, 7.35 ते 7.45 च्या मध्येच राहतो, फुप्फुसं आणि किडनी तो तिथे धरून ठेवतात, तुम्ही कुठलंही पाणी प्या. आणि पोटात तर ॲसिडच असतं, तिथे ते 64,500 चं पाणी पोचलं की संपलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो.

मशीन टेस्ट म्हणजे हातात एक धातूची दांडी धरायची, वायर लॅपटॉपला, एका मिनिटात पंधरावीस पानी रंगीत रिपोर्ट. लिव्हर, हार्ट, हाडं, सगळ्याचे आकडे, आणि "पेशींची कॅन्सर प्रवृत्ती" असं एक लाल पान. माझा रिपोर्ट आला. माझे हे शेजारी बसून पानं उलटत होते, मध्येच म्हणाले, "अगं, ह्यात तुझी प्रोस्टेट दिसतेय." माझी! प्रोस्टेट! फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी! आकड्यासकट, "थोडी वाढलेली" असा शेरा मारलेला. सर हसले, म्हणाले, "अहो ताई, मुलीने एन्ट्री करताना मेल टाकलं वाटतं," आणि त्या मुलीने लॅपटॉपवर मेलचं फीमेल केलं, प्रिंट दाबलं आणि नवा रिपोर्ट निघाला. त्यात प्रोस्टेट गायब, ओव्हरी हजर, ओव्हरीचेही आकडे, त्यालाही लाल खूण. आणि दांडी? दांडी तर टेबलावर पडली होती. मी ती परत हातात धरलीच नव्हती. म्हणजे माझ्या अंगातून काहीही मोजलं नव्हतं, वय वजन उंची आणि बाई की पुरुष एवढं टाकलं की ते सॉफ्टवेअर भविष्य छापतं. हे तिथे समोर, दोघांच्या डोळ्यादेखत झालं. आणि आम्ही दोघं त्या हसण्यात सामील झालो!! कारण लाल पानावर कॅन्सर लिहिलं होतं आणि माझ्या डोक्यात फक्त ताईचा चेहरा होता. घाबरलेल्या माणसाला दांडी कुठे आहे ते दिसत नाही, आणि त्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून लाल पान सगळ्यात वर लावतात.

अशा कुठल्या टेस्टला बसलाच असाल तर त्याच दिवशी परत करायला लावा आणि वय दुसरं सांगा. बघा काय येतं.

किटमध्ये हळदीच्या कॅप्सूल, कसलीशी पावडर, सेलेनियम, व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन. माझ्या ह्यांची सिगारेट आहे, आम्ही ते सांगितलं होतं. सर काय म्हणाले असतील? सिगारेट सोडा? छे. म्हणाले, "मग तुम्ही बीटा कॅरोटीन डबल घ्या, फुप्फुसाला कवच होईल." बोलताना त्यांच्या स्वतःच्या गालात सुपारी होती. नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसला तरी, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात कधीचं टाकलंय, आणि हा माणूस ती चघळत आम्हाला कॅन्सर कसा टाळायचा ते शिकवत होता.

ताईचे कॅन्सरचे डॉक्टर (ऑन्कॉलॉजिस्ट) होते त्यांना मी नंतर किटचा तो डबा नेऊन दाखवला. ते कधी आवाज चढवत नाहीत, पण डबा बघून ह्यांना म्हणाले, "हे आत्ता बंद करा, आजच." फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन देऊन बघितलं होतं, 1994 ला निकाल आला, फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्के जास्त. अमेरिकेत तशीच ट्रायल 1996 मध्ये अर्ध्यात थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांनाच जास्त व्हायला लागला. व्हिटॅमिन ई चं पण तेच, 35 हजारांवर पुरुषांची ट्रायल, गोळी घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्के वाढला. म्हणजे मी 18,400 रुपये देऊन नवऱ्याला काय चारत होते बघा. गाजर खा, भोपळा खा, त्याला कोणी नाही म्हणत नाही. त्यातलंच एक काढून, मोठा डोस करून, कॅप्सूलमध्ये भरलं की ते तसंच वागतं असं नाही.

अजून एक, हे पैशापेक्षा वाईट. डॉक्टरांनी मला बहिणीमुळे मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) लिहून दिली होती. सर म्हणाले ताई कशाला, दाबून दाबून असलेली गाठ पसरते, वर रेडिएशन, आपल्या मशीनमध्ये सगळं कळतं. मी ती टाळत राहिले. पुढे केली, नशिबाने नीट आली. जो तुम्हाला डॉक्टरांची तपासणी टाळायला सांगतो तिथून चपला घालून उठा, फुकट देत असला तरी.

आता सरकारी कारभार. पोलीस स्टेशनात गेलो तर साहेब म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना, मग फसवणूक कसली, माल तर मिळालाय. माल! मग औषधवाल्या ऑफिसात गेलो, तिथे डबा उलटा करून बघितला आणि म्हणाले ह्यावर फूडचं लायसन्स आहे, हे आमच्याकडे येत नाही. फूडवाल्यांकडे गेलो तर म्हणाले ते कॅन्सरचा दावा करतायत ना, मग ते औषध झालं, तिकडे जा. मी म्हटलं साहेब तिकडूनच आले. म्हणाले मग लेखी द्या. लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस रजेवर. एका हेल्पलाइनवर तक्रार टाकली, काही दिवसांनी मेसेज आला "कंपनीने उत्तर दिले आहे, तक्रार निकाली." कंपनीचं उत्तर काय? की आमचं प्रॉडक्ट औषध नाही, डब्यावर तसं छापलंय. आणि खरंच छापलंय हो, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, नॉट फॉर मेडिसिनल यूज. माइकवर कॅन्सर आणि डब्यावर हे! ह्या देशात 1954 पासून कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज, कॅन्सर बरा करतो किंवा टाळतो अशी जाहिरातच करायची नाही, कॅन्सरचं नाव त्या यादीत आहे. मी त्याची प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुठे मिळालं?" म्हणजे मीच काहीतरी गुन्हा केल्यासारखं. सत्तर वर्षांचा कायदा, आणि तो ऑफिसात पोचवायला मीच पोस्टमन.

मेंबरशिपचं पण ऐकून ठेवा. 7,500 भरा, तीन जण जोडा, किटचे पैसे सुटतील. इथे मात्र मी थांबले, माझ्या भावजयीला फोन लावायला घेतला होता आणि जीभच वळली नाही. माणसं जोडून पैसे मिळवायची साखळी 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत सरळ बंद आहे, तरी हॉल भरतायतच.

डॉक्टरांना मी शेवटी वैतागून विचारलं की मग घ्यायचं तरी काय. म्हणाले विकत घेण्यासारखं फार काही नाही. तंबाखू सुपारी बंद, दारू बंद, वजन आटोक्यात, रोज चालणं, डाळी भाज्या फळं आणि कोंड्यासकट धान्य, घरातल्या मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळणारी) लस, बाळांना हेपटायटिस बी ची, आणि वयाप्रमाणे तपासण्या. एवढं करूनही होणारच नाही अशी गॅरंटी ते देत नाहीत. सर देत होते, लॅमिनेट करून.

ह्यांची सिगारेट अजून पूर्ण सुटलेली नाही, पण निकोटिनच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांच्या सांगण्याने.

कंपनीने 3,000 चं कूपन देऊ केलं, त्यांचंच प्रॉडक्ट घ्यायला. घेतलं नाही. आता ग्राहक आयोगात केस टाकलीय. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, तेव्हा लाजत घरी बसू नका. चॅट डिलीट करू नका, कॅम्पचा व्हिडिओ असेल तर जपा, डब्याच्या तळाचा फोटो काढा. माझ्याकडे दोन्ही रिपोर्ट आहेत, प्रोस्टेटवाला आणि ओव्हरीवाला, दोन्हीवर तीच तारीख आणि चार मिनिटांच्या फरकाची वेळ छापलेली. दोन्ही जोडलेत.