शाईच्या टाकीचा प्रिंटर देवगडात: चौदा महिन्यांनंतर

प्रिंटर घेतला तो हापूसच्या पेट्यांसाठी. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे आम्हीही नोंदणी केली, आणि मुंबई-पुण्याची घरपोच गिऱ्हाइकं पेटीवर लेबल आहे का ते विचारू लागली. छापखान्यात निदान हजार लेबलं घ्यावी लागतात, वर डझन आणि तोडणीची तारीख हातानेच लिहायची. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये कणकवलीहून बाजूला चार टाक्या असलेला, स्कॅनर आणि वायफायवाला प्रिंटर आणला. चौदा हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यातलं बरंचसं कुठल्याही टाकीवाल्या प्रिंटरचं झालं असतं.

आजवर ६,८०० पानं काढली. छपाई चांगली आहे, शाई स्वस्त पडते, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचं आहे ते गळती आणि अडकण्याबद्दल. या दोन्हींमागे बऱ्याच अंशी आमच्या घरची एकच सवय होती, हे कळायला मला दिवाळी उजाडली.

पहिली गळती मात्र त्या सवयीची नव्हे. दुकानदाराने हौसेने चारही टाक्या भरून पान काढून दाखवलं आणि प्रिंटर तसाच खोक्यात घातला. नांदगाव तिठ्यावरून आत वळलो, शिरगावची वळणं आली आणि खोकं मागच्या सीटवर कुशीवर झालं. घरी उघडलं तर आत गुलाबी रंगपंचमी. टाकीत हवा जायला बारीक भोक असतं आणि टाकीपासून हेडपर्यंत, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागापर्यंत, नळ्या असतात. मशीन कलंडलं की शाई दोन्हीकडून वाट काढते. आमच्या मॉडेलला नळ्या बंद करायची कळ होती, ती ना दुकानदाराने फिरवली ना मी. शाई घरी आणूनच भरा. भरताना वरच्या रेघेच्या पुढे जाऊ नका, आणि रबरी बूच दाबून बसलंय ना ते बघा.

आता सवय. कोकणात वळवाचा पाऊस असो की ऑक्टोबरातला, संध्याकाळी ढग गडगडले की आई माजघरातून ओरडते, "इज पडात, स्वीच बंद कर आधी!" टीव्ही, मोडेम, प्रिंटर, सगळं एका बोर्डावर, सगळं एका फटक्यात बंद. टीव्हीसाठी ते बरोबरच आहे, आमच्या शेजाऱ्यांचे दोन टीव्ही विजेने गेलेत. पण प्रिंटरचं तसं नाही. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, पेनला टोपण लावावं तसं. छपाई चालू असताना भिंतीवरचा स्वीच मारला तर हेड असेल तिथे उघडं राहतं. त्याची भोकं केसाहून बारीक. रात्रभरात शाई सुकते आणि सकाळी पानावर पांढऱ्या रेघा येतात. लाइट आपली आपण जाते तेव्हाही हेच होतं, आणि जून ते सप्टेंबर ती कधी जाते याचा हिशोब ठेवणं आम्ही सोडून दिलंय.

रेघा आल्या की मी प्रिंटरला हेड क्लीनिंगची आज्ञा द्यायचो. पावसाळ्यात दिवसाआड. गेल्या नाहीत की तीच आज्ञा पुन्हा, आणि तीनदा तर ते जोरदार पॉवर क्लीनिंगसुद्धा. मला वाटायचं, मशीन आतल्या आत काहीतरी पुसत असेल. प्रत्यक्षात दर वेळी मशीन हेडमधून शाई ओढून काढतं, आणि ती शाई मशीनच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते. किती गेली याचा अंदाजे आकडा मशीन स्वतःशी मोजत असतं. आकडा भरला की सगळे दिवे लुकलुकतात, पॅडची मुदत संपली असा निरोप येतो आणि पान निघत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमचं नेमकं हेच झालं.

तालुक्याबाहेरून एक जण आला. लॅपटॉप जोडला, पाच मिनिटांत दिवे शांत, सहाशे रुपये. पॅड बदललं का विचारलं तर "नाय लागत." त्याने फक्त आतला आकडा शून्यावर आणला होता. पॅड भिजलेलं होतं तसंच. मशीनला वाटलं पॅड कोरं आहे आणि ते आपलं शाई सोडत राहिलं. तीन आठवड्यांनी, ऐन दिवाळीत, टेबलाखाली काळपट जांभळं थारोळं. आईला आधी वाटलं कुणी कोकम सांडलं.

मग दुसऱ्याने पॅड बदललं, नऊशे रुपयांत. काही मॉडेलांत हे पॅड मागचा एक स्क्रू काढून आपणच बदलू शकतो. विकत घेण्याआधी दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारा, मिनिटाला किती पानं वगैरे नंतर विचारा.

थारोळं पुसताना मी आतही बोट घातलं, आणि तिथून अडकण्याचं दुसरं प्रकरण सुरू झालं. दुसऱ्या दिवशी हेड खाडकन एका बाजूला आपटलं, थांबलं, आणि पडद्यावर "कागद अडकला". कागद कुठेच नाही. दोन दिवस बॅटरी मारून शोधला. शेवटी हेडच्या मागे आडवी गेलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दिसली आणि तिच्यावर माझ्याच बोटाचा निळा ठसा. त्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात. त्या मोजत हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. तिथे शाई किंवा वंगण लागलं की हेड आंधळं होतं. मशीन बंद करून, वायर काढून, डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड पट्टीवरून हलक्या हाताने फिरवलं. काम झालं. पट्टी ओढू नका, एका टोकाला ती स्प्रिंगवर असते.

(खराखुरा कागद अडकण्याचा किस्सा मे महिन्यातला. अर्धी लेबलं काढून झालेला कागद मी वाचवायचा म्हणून पुन्हा घातला. एक लेबल आत रोलरला चिकटलं ते चिमट्याने काढेपर्यंत दुपार गेली आणि पेट्या न्यायला टेम्पो दारात उभा.)

तिसरं अडकणं मशीनचं नव्हतंच. लाइट जाऊन आली की राउटर प्रिंटरला कधीकधी नवा पत्ता देतो. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर पान पाठवत राहतो आणि "ऑफलाइन" म्हणतो. गणपतीत मुलाने आरत्यांचा संग्रह असा सहा वेळा पाठवला. वायफाय जागेवर आल्यावर सहाही प्रती निघाल्या. मुंबईचे चाकरमानी घरात होते म्हणून सगळ्या हातोहात गेल्या, पण काळी टाकी बरीच खाली उतरली. आता राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवलाय. तरी पानांची रांग तुंबलीच तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (ही रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवायचा, विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असं जाऊन आतल्या फायली उडवायच्या, फोल्डर ठेवायचा, आणि स्पूलर पुन्हा चालू. नुसतं कॅन्सल दाबत बसलात तर ते "डिलीटिंग" संध्याकाळपर्यंत तसंच राहतं.

पावसाळ्यात कागद सादळतो हे वेगळं सांगायला नको. पापडाला जे कळतं ते ए-फोरलाही कळतं. दोन-दोन पानं एकदम आत जातात, कडा वळतात, शाई फुटते. ट्रेमध्ये लागतील तेवढेच दहा-पंधरा कागद ठेवतो, बाकीचं रीम घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्रिंटर आधी पडवीत होता, खाऱ्या वाऱ्यात स्क्रूंवर गंज दिसला तेव्हा माजघरात आणला. आठवड्यातून एक रंगीत पान काढतोच, काम असो वा नसो. रेघा आल्या तर आधी नोझल चेक, म्हणजे हेडची कुठली भोकं बुजलीत ते दाखवणारं पान. मग क्लीनिंग, फार तर तीनदा. तरीही रेघ दिसली तर बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. नळीत हवेचे बुडबुडे असतील तर ते तेवढ्यात वर येतात आणि सकाळी अर्ध्या वेळा रेघ गेलेली असते. नोव्हेंबरपासून पॉवर क्लीनिंगला हात लावलेला नाही.

लेबलांपुरता एक दोष राहिलाच. आमच्या प्रिंटरची काळी शाई पाण्याला टिकते, रंगीत टिकत नाही. ओला हात लागला की आंब्याचं चित्र पसरतं. यंदा चित्र काढूनच टाकलं, नुसती काळी अक्षरं ठेवली.

वॉरंटी मार्चमध्ये संपली. स्वीचबोर्डावर आता मुलाने चिकटपट्टी लावली आहे, "आधी प्रिंटरचं बटण". आई ती वाचत नाही, पण ढग वाजले की हाक मारायच्या आधी स्वतः उठून प्रिंटरचं बटण दाबते, हिरवा दिवा विझेपर्यंत थांबते आणि मगच बोर्डाकडे वळते. दुसरं पॅड मागवून ठेवलंय, यंदाच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या, सामानात तेही धरलं.