मेंदूचा नकाशा आणि बिनलेबलची डबी

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं. आई गेली, उठायचं कारण संपलं, पण मी जागीच राहिले. डिचोलीतल्या आमच्या घरात रात्री दोन वाजता कौलांवर पान पडलं तरी मला ऐकू यायचं. अडीच वाजले, आत्ता झोप लागली तर तीन तास मिळतील. तीन वाजले, आता अडीचच. हा हिशेब करता करता छातीत धडधडायला लागायचं. सकाळी तिसरीच्या मुलांसमोर फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा आणि संध्याकाळी दिवे लागले की पुढच्या रात्रीची धास्ती सुरू व्हायची. अशी दीड वर्षं गेली.

मिस्टर म्हणत होते, बांबोळीला दाखवून येऊ. मी ठाम नाही म्हटलं. आमच्याकडे बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढलं की लोक आवाज खाली करतात. शाळेतल्या बाई त्या रांगेत दिसल्या तर पालक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ही लाज नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फोनवर एक जाहिरात आली. "निद्रानाश आणि चिंता हा मनाचा आजार नाही, मेंदूचा आहे. आम्ही मेंदू बघून सांगतो." हे वाचून मला केवढा दिलासा वाटला! वेड नाही, मेंदूत काहीतरी बिघाड आहे, आणि तो दिसतो. पणजीजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर ते केंद्र होतं. बाहेरच्या खोलीत आबे फारिया यांच्या पुतळ्याचा मोठा फोटो लावला होता. जुन्या सचिवालयाशेजारचा तोच पुतळा, हात पसरून उभे असलेले फारिया आणि समोर झोपेत कलणारी बाई. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आपला माणूस, संमोहनाच्या जगातल्या आद्य अभ्यासकांपैकी एक. फोटो बघूनच माझा अर्धा विश्वास बसला. फारियांनी पॅरिसमध्ये काय सांगितलं होतं, ते मी नंतर वाचलं. झोप आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातातून येत नाही, ती झोपणाऱ्याच्याच ठायी असते, असं त्यांचं म्हणणं होतं. या लोकांनी नेमकं उलटं विकायला त्यांचा फोटो टांगला होता.

आत एका मुलाने माझ्या डोक्यावर तारांची टोपी घातली, केसांत थंडगार जेल लावलं आणि दहा मिनिटं डोळे मिटायला सांगितलं. मग रंगीत कागद आला. डोक्याचे चार गोल, कपाळाच्या बाजूला लाल, मागे निळा. कोट घातलेले गृहस्थ पेनाने लाल भागावर टिचकी मारत म्हणाले, "मॅडम, इथं आग लागलीय बघा. अमिग्डला ओव्हरॲक्टिव्ह आहे. अशाने तुम्हाला झोप कशी येणार?" मला रडूच कोसळलं. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी माझा त्रास कागदावर दाखवला होता.

तपासणीचे ६,५००. मशीनवरच्या उपचाराच्या बारा बैठकांचे २४,०००. शिवाय "शंभर टक्के वनस्पतीजन्य" कॅप्सूल, महिन्याला २,८०० प्रमाणे तीन महिन्यांच्या ८,४००. एकूण ३८,९०० रुपये, आणि पावती एका साध्या चिठ्ठीवर. कॅप्सूल पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत. डबीवर लेबल नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही. हाताने लिहिलेलं एवढंच: "रात्री १".

पहिल्याच रात्री मी सात तास झोपले. हे मुद्दाम सांगतेय, कारण गुण आला म्हणजे उपचार खरा, असंच सगळ्यांना वाटतं. झोप आणली कॅप्सूलने आणि मी श्रेय देत बसले मशीनला. आणखी दोघींना मीच त्या केंद्राचा पत्ता दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन महिन्यांनी कोर्स संपला. पुढच्या कोर्सचे ३२,००० सांगितले, ते माझ्याकडे नव्हते. कॅप्सूल बंद झाल्या आणि दुसऱ्या रात्रीपासून जे सुरू झालं ते आधीच्या दीड वर्षात कधी झालं नव्हतं. अंगाला कापरं, घामाने उशी ओली, दार वाजलं तरी दचकायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांनी काही न विचारता मला गाडीत बसवलं आणि बांबोळीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पाऊण तास नुसतं ऐकलं. किती वाजता आडव्या होता, किती वेळाने झोप लागते, दुपारी झोपता का, घोरता का. मग त्यांनी डबी हातात घेतली, एक कॅप्सूल उघडून पाहिली आणि लघवीची तपासणी लिहून दिली. तपासणीत बेंझोडायझेपिन गटाचं औषध निघालं. झोप आणि चिंता यांवरची अल्प्राझोलम वगैरे औषधं ज्या गटात येतात, तो हा गट. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा परिणाम ही औषधं वाढवतात. महिनोन् महिने रोज घेतली की मेंदूला त्यांची सवय लागते, आणि एकदम तोडली की झोप आणि भीती दोन्ही उसळून वर येतात. कधी कधी फिट्सही येऊ शकतात. म्हणून तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि अल्प्राझोलमसारखं औषध दिल्याची नोंद औषधवाल्याला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. मला ती वनस्पती म्हणून दिली गेली.

मी रंगीत कागद पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "बाई, निद्रानाशाचं निदान अशा कागदावर होत नाही. तुमच्या तोंडून ऐकून होतं." आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, तीन महिने किंवा जास्त, आणि दिवसा त्याचा त्रास, एवढं असलं की तो दीर्घकालीन निद्रानाश. डोक्याला तारा लावून होणारी ईईजी ही खरी तपासणी आहे, पण ती फिट्ससारख्या आजारांसाठी. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रभराची वेगळी तपासणी असते.

मात्र त्या कोटवाल्यांचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी फसले. अमिग्डला खरंच आहे. मेंदूच्या आत बदामाएवढा भाग, धोका ओळखणारा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डला ६० टक्के जास्त उसळला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संबंध सैल पडला. म्हणजे झोप नसली की भीती वाढते, भीती वाढली की मेंदू पहाऱ्यावर राहतो आणि झोप येत नाही. पण असा प्रयोग अनेक माणसांच्या सरासरीवर असतो, तोही मोठ्या स्कॅनरमध्ये. दहा मिनिटांच्या टोपीने एकट्या माझ्या अमिग्डलाची आग दिसणं शक्यच नाही. तो भाग खोल आत आहे, टोपीच्या तारा कवटीवरून वरच्या थराचे विद्युतप्रवाह टिपतात.

त्यानंतर मी त्या दोघींना फोन केले. त्यातल्या साखळी गावच्या वहिनी दत्तमंदिरात भेटल्या, फाईल घेऊनच. आम्ही पायरीवर बसून दोन्ही कागद शेजारी ठेवले. नावं वेगळी. चारही गोल सारखे, लाल डाग सारखा, कपाळाच्या उजवीकडची छोटी पिवळी चीरसुद्धा सारखी. खालच्या कोपऱ्यातली वेळही एकच: ११:४२. वहिनींची तपासणी संध्याकाळी पाचला झाली होती. त्या कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसल्या.

मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, उरलेल्या चार कॅप्सूल, चिठ्ठी आणि दोन्ही कागदांच्या प्रतींसह. केंद्राचा फोन आता लागत नाही.

तुमच्या घरात अशी बिनलेबलची डबी असेल तर रागाच्या भरात आज रात्रीच फेकू नका. डबीसकट डॉक्टरकडे जा, डोस हळूहळू उतरवावा लागतो. माझा उतरवायला अडीच महिने लागले. सोबत झोपेची डायरी, रोज पहाटे साडेपाचलाच उठणं, दुपारी आडवं न होणं, सुरुवातीला बिछान्यात फक्त साडेपाच तास, आणि झोप नसेल तर बिछाना सोडणं. निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून हीच पद्धत मानली जाते. सहा-आठ भेटींत मला ती शिकवली. खर्च झाला तो बसच्या तिकिटांचा. पहिले तीन आठवडे फार कठीण गेले. आता बहुतेक रात्री सहा तास मिळतात. कधी नाही मिळत.

वहिनींचा डोस आत्ता कुठे निम्म्यावर आलाय. काल रात्री दोनला त्यांचा फोन आला, झोप नाही, छातीत धडधडतंय. मी म्हटलं, वहिनी, बिछान्यातून उठा, सोप्यावर येऊन बसा, मीही बसते. मग आम्ही दोघी आपापल्या सोप्यावर बसून शेवग्याच्या भाजीबद्दल बोलत राहिलो. पावणेतीनला त्यांना जांभई आली.